श्रेय कोणाचे?
(‘क्रीम दामूर’ या फ्रेंच चित्रपटाचा एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात यंदा ‘क्रीम दामूर’ हा फ्रेंच चित्रपट दाखवण्यात आला. चित्रपट संपला, दिवे लागले आणि नेहमीप्रमाणे दोन-तीन मिनिटे कोणीच काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक वाक्य आले, “शेवटी काय, बाईच बाईची वैरीण!” वर्गात हशा पिकला. सरांनी चर्चा पुढे नेण्याचा प्रयत्न केला, पण त्या एका वाक्याने जणू चर्चेचे दारच लावून टाकले होते. घरी जाताना एस.टी.त तेच वाक्य माझ्या कानात घुमत राहिले. ते मला पटले नव्हते, पण का पटले नाही हे सांगता येत नव्हते. ते शोधण्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी खालची इंग्रजी अक्षरे वाचण्यातच माझे निम्मे लक्ष गेले होते. दुसऱ्या वेळी चेहरे पाहता आले. प्रस्तुत लेख हा त्या दुसऱ्या पाहण्याचा वृत्तांत आहे. चित्रपटाचा शेवटही त्यात आला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

दिग्दर्शक आणि चित्रपट

‘क्रीम दामूर’ हा चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. या नावाचा अर्थ ‘प्रेमापोटी घडलेला गुन्हा’ असा सांगता येईल. इंग्रजीत तो ‘लव्ह क्राइम’ या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक आलँ कॉर्नो यांचा हा अखेरचा चित्रपट. ऑगस्ट २०१० मध्ये तो फ्रान्समध्ये झळकला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कॉर्नो यांचे निधन झाले. गुन्हेगारी कथांवरील चित्रपटांसाठी ते प्रसिद्ध होतेच, परंतु संगीतकारांच्या जीवनावरील त्यांचा १९९१ चा चित्रपटही गाजला. आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे १९८९ साली त्यांनी आंतोनिओ ताबुक्की या इटालियन लेखकाच्या कादंबरीवरून ‘नॉक्तुर्न आंदियां’ हा चित्रपट केला. त्याचा नायक आपल्या हरवलेल्या मित्राच्या शोधात मुंबई, मद्रास आणि गोवा असा हिंडतो. तेव्हा हा दिग्दर्शक आपल्या मातीला अगदीच अनोळखी नव्हता.

‘क्रीम दामूर’मध्ये दोन प्रमुख स्त्रिया आहेत. क्रिस्तीन ही एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या पॅरिसमधील शाखेची वरिष्ठ अधिकारी. ही भूमिका क्रिस्टिन स्कॉट टॉमस या अभिनेत्रीने केली आहे. इझाबेल ही तिच्या हाताखालची तरुण, अत्यंत हुशार कर्मचारी. ही भूमिका ल्यूदिवीन सान्ये हिची. यांच्याखेरीज क्रिस्तीनचा प्रियकर आणि व्यवहारातील सहकारी फिलिप, आणि इझाबेलला मानणारा तिचा सहकारी दानिएल अशी दोन महत्त्वाची पुरुष पात्रे आहेत. आणखीही काही माणसे आहेत, ती म्हणजे अमेरिकेतले मोठे साहेब. ती अधूनमधून येतात, समाधान व्यक्त करतात आणि निघून जातात. पहिल्यांदा पाहताना मी त्यांच्याकडे लक्षच दिले नव्हते. तिथेच माझी चूक झाली, असे आता वाटते.

माया आणि हुकूम

चित्रपट सुरू होतो तो कचेरीत नव्हे, तर क्रिस्तीनच्या घरी. दोघी कामाच्या कागदांवर बसलेल्या आहेत. क्रिस्तीन इझाबेलच्या जवळ येते, तिची स्तुती करते, आपला स्कार्फ तिला देऊन टाकते. पाहणाऱ्याला कळत नाही, ही माया आहे की सापळा? माझ्या मते ती दोन्ही आहे, आणि या चित्रपटाचे मानसशास्त्र नेमके येथे आहे. क्रिस्तीन नुसती दुष्ट असती तर इझाबेल तिच्यापासून सावध राहिली असती. परंतु क्रिस्तीन तिला जवळ करते. तू माझ्यासारखी आहेस, तू माझी आहेस, असे ती तिला वागण्यातून भासवते. हुकूम देणारा माणूस जेव्हा मायेच्या भाषेत हुकूम देतो, तेव्हा त्याला नाही म्हणणे म्हणजे कृतघ्नपणा वाटू लागतो.

इझाबेललाही क्रिस्तीनसारखे व्हायचे आहे. तिच्याकडे पाहताना या मुलीच्या डोळ्यांत भक्ती आहे. आपल्यापैकी जे कोणी घरातले पहिलेच महाविद्यालयात आले असतील, त्यांना ही नजर ओळखू येईल. जे जग आपल्या घरात कोणी पाहिलेले नाही, त्या जगात सहज वावरणारी एखादी व्यक्ती दिसली की आपण तिचे चालणे, बोलणे, पदर घेणे, पेन धरणेसुद्धा टिपून ठेवतो. त्या व्यक्तीने पाठीवर हात ठेवला तर आपण तिच्यासाठी काहीही करायला तयार होतो. म्हणून क्रिस्तीनचा घाव जेव्हा बसतो, तेव्हा तो वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेला घाव राहत नाही. तो मूर्तीने भक्ताला दिलेला घाव ठरतो.

तो घाव असा. क्रिस्तीन आपल्याऐवजी इझाबेलला कामासाठी कैरोला पाठवते. बरोबर फिलिप असतो. तेथे इझाबेल काम फत्ते करते आणि फिलिपशी तिचे संबंधही जुळतात. परत आल्यावर अमेरिकन साहेबांसमोर क्रिस्तीन ती सारी कल्पना आणि ते सारे यश आपलेच असल्यासारखे मांडते. इझाबेल तिथेच बसलेली आहे. ती काही बोलत नाही. नंतर क्रिस्तीन तिची समजूत घालते, ती अशी की यात चोरी कसली, हे तर आपण सारे मिळून करतो ते काम.

रसिकांनी हा प्रसंग बारकाईने पाहावा. येथे ‘आपण’ हा शब्द कोण वापरते? ज्याच्या हाती फळ आले तो. ज्याचे फळ गेले त्याच्या तोंडी ‘आपण’ हा शब्द सहसा येत नाही. त्याला ‘माझे’ म्हणायचे असते, आणि ते म्हणण्याची त्याला लाज वाटते. श्रेयाची चोरी ही अशी चोरी आहे, की जिची फिर्याद करणारा स्वतःच कोत्या मनाचा दिसतो. पैसे चोरीला गेले तर माणूस ओरडू शकतो. कल्पना चोरीला गेली तर तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यातच राग साठत जातो.

अपमान

दानिएलच्या प्रोत्साहनाने इझाबेल पुढचे काम क्रिस्तीनला न दाखवता परस्पर वर पाठवते. ते यशस्वी होते. न्यू यॉर्कला बढतीवर जाण्याचे क्रिस्तीनचे स्वप्न त्यामुळे भंगते. आता मायेचा पडदा गळून पडतो आणि क्रिस्तीन सूड घेते. सूडाचा मार्ग तिने विचारपूर्वक निवडला आहे. इझाबेलचा तोल सुटल्याचा जो क्षण पार्किंगच्या जागेतील कॅमेऱ्याने टिपलेला असतो, तो सहकाऱ्यांच्या मेळाव्यात सर्वांना दाखवला जातो. लोक हसतात.

नोकरीवरून काढून टाकणे क्रिस्तीनच्या हातात होते. पण तिने ते केले नाही. तिने हसू केले. नोकरी गेली तर दुसरी मिळते. चारचौघांत हसे झाले की माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो. एकटे असताना रडणे ही माणसाची अगदी खाजगी मिळकत आहे, आणि क्रिस्तीन तीही हिसकावून घेते. आधी तिने इझाबेलचे यश घेतले होते, आता तिने दुःखही घेतले. या प्रसंगानंतर जे घडते त्याचे समर्थन करता येत नाही, परंतु ते कोठून आले हे समजते.

खून: एक फाईल

यानंतर इझाबेल खचते, झोपेच्या गोळ्या घेऊ लागते, सर्वांना ती कोलमडलेली दिसते. आणि एका रात्री ती क्रिस्तीनचा खून करते.

कॉर्नो यांनी येथे एक धाडस केले आहे. खून कोणी केला हे ते लपवत नाहीत. प्रेक्षक सर्व काही डोळ्यांनी पाहतो. सुप्रसिद्ध दिग्दर्शक हिचकॉक धक्का आणि ताण यांतला भेद समजावून सांगत असत. टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. बाँब तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले तर तो सारा वेळ जीव मुठीत धरून बसतो. कॉर्नो यांनी दुसरा मार्ग घेतला, पण त्यात एक गाठ मारली. कारण खून करून इझाबेल पुरावे नष्ट करीत नाही, उलट स्वतःविरुद्धचे पुरावे स्वतःच पेरते! पोलिस येतात, ती गुन्हा कबूल करते, तुरुंगात जाते. प्रेक्षक चक्रावतो. हिला वेड लागले की काय?

मग हळूहळू उलगडा होतो. गोळ्यांच्या अमलाखाली आपण भ्रमात होतो, त्यामुळे केलेली कबुली खरी नव्हती, असे ती सांगू लागते. त्या रात्री ती चित्रपटगृहात होती याचा आधार मिळतो. जो स्कार्फ तिच्याविरुद्धचा पुरावा होता, तोच तिच्या बाजूचा पुरावा होतो, कारण तिचा स्कार्फ अखंड सापडतो. तिने पेरलेला एकेक पुरावा एकेक करून कोसळतो आणि संशयाची सुई फिलिपकडे वळते. फिलिपने पैशांची अफरातफर केलेली असते आणि क्रिस्तीनने त्याला त्यावरून कोंडीत धरलेले असते, त्यामुळे त्याला खून करण्याचे कारणही होते. तो पकडला जातो, इझाबेल सुटते. एकदा संशय घेऊन निर्दोष ठरवलेल्या माणसावर पुन्हा कोण संशय घेणार?

या भागात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की इझाबेलने खून ‘रागाच्या भरात’ केलेला नाही. तिने तो कचेरीतल्या कामासारखा केला आहे. उद्दिष्ट ठरवले, वेळापत्रक आखले, अडचणींचा आधीच अंदाज घेतला, प्रत्येक आक्षेपाला उत्तर तयार ठेवले. कैरोच्या कामात जी हुशारी, जो नेटकेपणा आणि जो संयम तिने दाखवला, तोच येथे आहे. खून ही तिची सर्वांत चांगली तयार केलेली फाईल आहे. आणि गंमत अशी, की या फाईलचे श्रेय कोणीही चोरू शकत नाही, कारण ते श्रेय तिला स्वतःलाही कधी घेता येणार नाही! जिने श्रेयासाठी एवढे केले, तिच्या आयुष्यातले सर्वांत कुशल काम कायमचे निनावी राहणार. एकट्या दानिएलला ते सारे उमगलेले असते, हे शेवटी कळते, आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. कारण आता इझाबेलच्या हाताखालीही कोणीतरी आहे, ज्याला सारे ठाऊक आहे. खुर्चीवरची बाई बदलली, खुर्ची तीच राहिली.

तीच कथा, दुसरी नजर

याच कथेवर ब्रायन डी पाल्मा या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘पॅशन’ हा चित्रपट केला. २०१२ साली व्हेनिसच्या महोत्सवातील स्पर्धेत तो दाखवला गेला. येथे कथा बर्लिनमधील एका जाहिरात कंपनीत घडते. क्रिस्तीनच्या जागी रेचल मॅकअॅडम्स आहे, इझाबेलच्या जागी नूमी रापास. दोघींच्या वयात येथे फारसे अंतर नाही, त्यामुळे गुरू आणि शिष्या हे नाते पुसट होते आणि दोन बरोबरीच्या स्पर्धकांचे नाते पुढे येते. चोरीला जाते ती मोबाईल फोनच्या जाहिरातीची कल्पना. इझाबेल आपली मूळ जाहिरात परस्पर इंटरनेटवर टाकते, ती लाखोंच्या नजरेत भरते आणि श्रेय परत तिच्याकडे येते. दानिएल येथे दानी नावाची स्त्री झाला आहे, आणि तिचे इझाबेलवर प्रेम आहे. त्यामुळे कचेरीतला संघर्ष तिघींमध्ये फिरत राहतो.

मुख्य फरक मात्र खुनाच्या प्रसंगात आहे. डी पाल्मा खुनी कोण हे लपवतात. पडद्याचे ते दोन भाग करतात. एका बाजूला द्युब्युसीच्या संगीतावरचे बॅले नृत्य चाललेले असते, दुसऱ्या बाजूला क्रिस्तीनच्या घरात मृत्यू पावले टाकीत येत असतो. प्रसंग देखणा आहे, यात शंका नाही. पुढे स्वप्न आणि सत्य यांची इतकी सरमिसळ होते, की आपण पाहतो ते घडले की भासले, हेच कळेनासे होते.

मला दोन्ही चित्रपट पाहताना असे जाणवले, की डी पाल्मा यांना ‘पाहणे’ या क्रियेत रस आहे आणि कॉर्नो यांना ‘काम’ या क्रियेत. ‘पॅशन’मध्ये सर्वत्र फोन, कॅमेरे, पडदे, मुखवटे, प्रत्येक जण कोणाला तरी टिपतो आहे. ज्याच्या हाती चित्रफीत, त्याच्या हाती सत्ता. आजच्या आपल्या जगाला हे अधिक लागू पडते, हे मान्य करावे लागेल. परंतु खुनी लपवल्यामुळे प्रेक्षक ‘कोणी केले?’ या कोड्यात अडकतो. कॉर्नो ते कोडे आधीच सोडवून टाकतात आणि आपल्याला ‘कसे केले?’ व ‘असे करणारी ही कशी घडली?’ या प्रश्नांसमोर बसवतात. म्हणून मला ‘क्रीम दामूर’ अधिक खोल वाटतो, जरी तो दिसायला साधा, काहीसा कोरडा असला तरी.

वर कोण आहे?

आता त्या मागच्या बाकावरच्या वाक्याकडे येते. बाई बाईची वैरीण असते का?

सुट्टीत घरी गेले असताना मी ही सारी गोष्ट आईला सांगितली. माझी आई खुरपणीच्या टोळीत जाते. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. सिनेमा म्हणजे तिच्या लेखी जत्रेतला तंबू. भाकरी थापता थापता तिने सगळे ऐकून घेतले. मला वाटले होते, ती त्या थोरलीला शिव्या घालील किंवा धाकटीला. तिने विचारले, “त्या दोघींच्या वर कोण हुतं?”

मी म्हटले, “अमेरिकेतले साहेब.”

“मग त्यांनी नाही का इचारलं, हे काम कुणी केलं म्हणून?”

मी म्हटले, “नाही.”

“ते कशाला इचारतील,” आई म्हणाली. “त्यांचं रान निघाल्याशी कारण. आमच्यात बी तसंच. मालक बांधावर बी येत नाही. बोलायचं मुकादमीण बोलती, अन् शिव्या बी तीच खाती.”

तिच्या टोळीची मुकादमीणही बाईच आहे. पात मागे राहिली की ती बायकांवर खेकसते. बायका घरी येऊन तिच्या नावाने बोटे मोडतात. मालकाच्या नावाने कोणी बोटे मोडीत नाही, कारण तो दिसतच नाही. आईचा तो प्रश्न घेऊन मी मनातल्या मनात चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला, आणि ते अमेरिकन साहेब मला प्रथमच दिसले. क्रिस्तीनने कल्पना चोरली तेव्हा ते खूश होते. इझाबेलने परस्पर काम पाठवले तेव्हाही ते खूशच होते. क्रिस्तीन मेल्यावर तिची जागा भरायची, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न. दोघींतली कोणीही जिंकली तरी कंपनीचे काही बिघडत नाही. उलट दोघी एकमेकींशी झगडतात म्हणून दोघींचेही काम चोख होते. या झगड्यावर जो जगतो, त्याचे नाव ‘वैरी’ म्हणून कोणी घेत नाही.

हा विचार कॉर्नो यांच्या मनात होता याला आणखी एक आधार आहे. २००३ साली त्यांनी आमेली नोतोंब हिच्या कादंबरीवरून एक चित्रपट केला होता. ‘फिअर अँड ट्रेंबलिंग’ हे त्याचे इंग्रजी नाव. टोकिओतील एका मोठ्या कंपनीत नोकरीला लागलेली बेल्जियन तरुणी आणि तिची जपानी वरिष्ठ फुबुकी यांची ती कथा आहे. तेथेही धाकटी थोरलीवर भाळलेली आहे. तेथेही धाकटीने मन लावून केलेले काम थोरलीला खुपते, कारण ज्या पायरीवर पोचायला फुबुकीला वर्षे लागली ती पायरी ही मुलगी एका उडीत चढू पाहते. एका प्रसंगी उपाध्यक्ष फुबुकीला सर्वांसमोर वाटेल तसे बोलतो. ती कोणाला दिसू नये म्हणून आत जाऊन रडते. धाकटी तिचे सांत्वन करायला जाते, आणि फुबुकी ते कधीच क्षमा करीत नाही. ती तिला शेवटी प्रसाधनगृहाच्या सफाईच्या कामावर लावते. अपमान वरून आला, फेडला गेला खाली. रडताना पाहिले जाणे हाच तेथेही घाव आहे. सात वर्षांच्या अंतराने त्याच दिग्दर्शकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, फक्त दुसऱ्या वेळी धाकटीच्या हातात सुरी दिली.

याउलट माइक निकोल्स यांचा १९८८ चा ‘वर्किंग गर्ल’ पाहावा. तेथेही वरिष्ठ स्त्री आपल्या सेक्रेटरीची कल्पना चोरते. परंतु तो हसतखेळत जाणारा चित्रपट आहे. शेवटी मोठा उद्योगपती त्या मुलीला विचारतो की ही कल्पना तुला सुचली कशी, तिचे उत्तर ऐकतो, आणि खरे-खोटे निवडून न्याय देतो. माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर तेथे ‘होय, विचारले’ असे आहे, म्हणूनच तो सुखान्त आहे. ‘क्रीम दामूर’मध्ये वरच्याने विचारले नाही, म्हणून ती शोकान्तिका आहे. दोन्ही गोष्टींत स्त्रिया त्याच. फरक वरच्या माणसाच्या एका प्रश्नाचा.

याचा अर्थ क्रिस्तीन निर्दोष आहे किंवा इझाबेलचे चुकले नाही, असा मुळीच नाही. फिलिप अफरातफर करणारा असला तरी खुनी नव्हता. त्याला खुनी ठरवणारी इझाबेलच आहे. अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही, ही या चित्रपटाची कडू शिकवण आहे. क्रिस्तीनने जे केले ते ती कोठूनतरी शिकली असणार. इझाबेल ते क्रिस्तीनकडून शिकली. आणि दानिएल आता इझाबेलकडून शिकतो आहे.

माझ्याकडचे देणे

लेख येथे संपवता आला असता. पण श्रेयाबद्दल दोन हजार शब्द लिहून स्वतःचे खाते न तपासणे बरे नव्हे.

गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी आम्ही चौघींनी मिळून एक प्रकल्प केला होता. घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याचे आणि तिचे तक्ते करण्याचे जिकिरीचे काम मुख्यतः माझ्या एका मैत्रिणीने केले. तिला चारचौघांत बोलायचा संकोच, म्हणून व्यासपीठावर मी बोलले. पाहुण्यांनी तक्त्यांची तारीफ केली आणि ‘या मुलीने फार कष्ट घेतले आहेत’ असे माझ्याकडे पाहून म्हटले. टाळ्या पडल्या. ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवीत होती. मी माईकसमोर होते. एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? मी बोलले नाही. नंतर तिला म्हणाले, “आपल्या सगळ्यांचंच तर आहे ना ते!” ‘क्रीम दामूर’मध्ये क्रिस्तीनने ‘आपण’ म्हटले तेव्हा माझ्या अंगावर काटा का आला, हे मला दुसऱ्यांदा पाहताना कळले. पहिल्यांदा पाहताना मी स्वतःला इझाबेल समजत होते.

म्हणून या लेखापुरते तरी सांगून ठेवते. खून ही इझाबेलची सर्वांत चांगली तयार केलेली फाईल आहे, हा वर मांडलेला मुद्दा माझा नाही. तो त्याच मैत्रिणीचा आहे. चित्रपटाच्या दिवशी एस.टी.त माझ्या शेजारी बसून तिने तो सांगितला होता. तिचे नाव घालायचा मी आग्रह धरला, पण छापील नावाचा तिला संकोच वाटतो आणि तिने शपथ घातली आहे. आणि ‘वर कोण हुतं?’ हा प्रश्न, ज्यावर या लेखाचा उत्तरार्ध उभा आहे, तो माझ्या आईचा आहे. अंक निघाला की हा भाग मी तिला वाचून दाखवणार आहे.